पाठीवरची बारीक अक्षरे

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि उभा जन्म खडू झिजविण्यात घालविलेल्या मुख्याध्यापकाने फेसवॉशवर लेख लिहावा, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी आमच्या तोंडाकडे जरा रोखूनच पाहिले. अंघोळीच्या एकाच वडीने दाढी, तोंड आणि उरलेसुरले केस उरकणाऱ्या माणसाने या विषयात पडू नये, असे त्यांचे मत पडले. ते मत आम्हांस मान्य आहे. सौंदर्याच्या बाबतीत आमचा काही अधिकार नाही. आमचा अधिकार असलाच तर तो वाचनाचा आहे. छापलेला मजकूर कोणताही असो, तो वाचावा कसा आणि त्यातले खरे-खोटे पारखावे कसे, एवढेच आम्ही मुलांना शिकवीत आलो. आणि आजच्या घराघरांत ज्यावर सर्वांत कमी नजर पडते असा मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू : तोंड धुण्याच्या ट्यूबच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेली घटकांची यादी.

आमचे गुंजी गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, बेळगाव-लोंढा लोहमार्गावर आहे. माउलीचे देऊळ ही गावाची ओळख, आणि पश्चिमेस सह्याद्रीचे रान हा गावाचा शेजार. या रानाने आमच्या मागच्या पिढ्यांना शिकेकाई आणि रिठा पुरविला. दिवाळी जवळ आली की आमच्या आई काष्टौषधीच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी आणि गवला-कचोरा आणवीत. संत्र्याच्या साली माळ्यावर आधीच वाळत पडलेल्या असत. सारे खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचे, त्यात मसुराचे किंवा डाळीचे पीठ मिसळायचे, आणि ते कोरडे उटणे डब्यात भरून ठेवायचे. अभ्यंगाच्या पहाटे दुधात कालवून ते अंगाला लागे. आईंना लिहिता-वाचता जेमतेम येई. परंतु त्या उटण्यात काय आहे, ते कोठून आले, किती घातले आणि कशासाठी घातले, हे त्यांना तोंडपाठ होते. घटकांची यादी त्यांच्या बोटांत होती.

आता गुंजीच्या किराणा दुकानातही फेसवॉशची पाच-दहा रुपयांची पाकिटे माळेसारखी टांगलेली असतात. यात आम्हांस वाईट असे काही दिसत नाही. पहाटे भाकऱ्या थापून शेतावर जाणाऱ्या बाईने उटणे कुटीत बसावे, असे सांगणाराने आधी स्वतः पाव शेर नागरमोथा कुटून पाहावा. फरक पडला तो एवढाच की, जे हाताने कळत होते ते आता डोळ्यांनी वाचून कळून घ्यावे लागते. आणि ते वाचायला कोणी शिकविलेले नाही. ट्यूबच्या पोटावर कडुनिंबाची पाने, केशराच्या काड्या आणि हसरा चेहरा असतो. ती बाजू विकणाऱ्याची. पाठीवर जे असते ते कायद्याने लिहावयास लाविलेले असते. ती बाजू घेणाऱ्याची. गंमत अशी की, विकणाऱ्याच्या बाजूची अक्षरे मोठी आणि घेणाऱ्याच्या बाजूची बारीक.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील आठवीची एक मुलगी आठ-दहा दिवस आली नाही. हुशार मुलगी, कविता ठसक्यात म्हणणारी. वर्गशिक्षिका घरी गेल्या तेव्हा ती पदराने तोंड झाकून बसलेली. गाल लाल झालेले, सोललेले, आणि मध्ये मध्ये काळसर डाग. घरच्या कार्यात आलेल्या कोणा पाहुणीने तिच्या रंगावरून चारचौघांत काही बोलून टाकले होते. तेव्हापासून पोरगी दिवसातून पाच-सहा वेळा फेसवॉशने तोंड घाशीत होती, आणि रात्री जत्रेतल्या एका पालावर घेतलेले ‘गोरे करणारे’ मलम लावीत होती. तिच्या आईने ती डबी आमच्यापुढे ठेवली. “गुरुजी, ह्यावर लिहिलंय ते आम्हाला वाचायला येत नाही ओ. तुम्हीच बघून सांगा काय घातलंय ते.” आम्ही चष्मा लावून डबी उलटसुलट केली. वाचण्यासारखे तिच्यावर काही नव्हतेच. घटकांची यादी नाही, बनविणाऱ्याचा पत्ता नाही, परवान्याचा क्रमांक नाही. होता तो फक्त एका गोऱ्या बाईचा चेहरा.

बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते मलम आणि फेसवॉश दोन्ही बंद करविली, साधे पाणी आणि एक साधे मलम सुचविले, आणि काही आठवड्यांत मुलीचा चेहरा निवळला. मुलगी शाळेत आली. पण त्या माउलीचा प्रश्न आमच्या मानेवर बसून राहिला. चौदा वर्षांचे पोर शाळेत मराठी वाचते, कन्नड वाचते, इंग्रजी वाचते, आणि स्वतःच्या तोंडाला काय लावते ते मात्र वाचीत नाही. मग आम्ही शिकविले ते काय?

म्हणून प्रथम कायदा पाहिला. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली होते, आणि २०२० साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमही झाले. त्यांनुसार वेष्टनावर बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत हवी. घटकांची यादी हवी. तयार मालात पारा चुकूनमाकून आलाच तर तो दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक नको. डोळ्यांच्या प्रसाधनांपुरती मर्यादा वेगळी आहे. पाऱ्याचा हा उल्लेख उगाच नाही. पारा त्वचेचा रंग उतरवितो, आणि त्याबरोबर मूत्रपिंडेही बिघडवितो. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना गोरे करणारे मलम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे आणि त्या मलमात पारा आढळल्याचे वृत्त २०२३ साली वृत्तपत्रांत आले होते. तेव्हा पहिला धडा सोपा आहे. ज्या डबीच्या पाठीवर काही लिहिलेलेच नाही, ती घरात आणू नये. कोरी पाठ हीच सर्वांत मोठी सूचना.

आता लिहिलेल्या पाठीकडे वळू. यादीचा क्रम मनास येईल तसा नसतो. जो पदार्थ वजनाने किंवा मापाने सर्वांत अधिक, तो पहिला. मग उतरत्या क्रमाने इतर. म्हणून बहुतेक फेसवॉशच्या यादीत पहिले नाव ‘अक्वा’ किंवा ‘वॉटर’ असते. अक्वा म्हणजे लॅटिन भाषेत पाणी, म्हणजे आपल्या विहिरीचेच भावंड. परंतु हा उतरता क्रम एका टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात.

हा एक टक्का मुलांना समजावा कसा? आम्ही सोनाराचा तराजू आठवला. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे तोळ्यात गुंजा शहाण्णव. तोळ्यात एक गुंज म्हणजे जवळजवळ एक टक्का. गुंजीच्या मुलांना गुंजेचे माप सांगण्यात आम्हांस थोडी मौज वाटली, हे कबूल करतो. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती बी मुलांच्या ओळखीची. यादीत कोठेतरी एक न दिसणारी रेघ असते. रेघेच्या वरचे पदार्थ तोळ्यात गुंजेहून जास्त, खालचे गुंजभर किंवा त्याहूनही कमी. ही रेघ ओळखण्याची एक खूण आहे. ‘फिनॉक्सिइथेनॉल’ नावाचा एक परिरक्षक पुष्कळ ट्यूबांत असतो आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. हे नाव दिसले की त्याच्यापुढचे सारे गुंजेच्या खालचे, असे खुशाल समजावे. मग पोटावरचे केशर, हळद, चंदन आणि कडुनिंब या नावाच्या आधी येतात की नंतर, ते पाहावे. पुष्कळदा ते नंतर येतात. शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये हळदीचा अर्क एक ग्रॅमही नसावा! आमच्या घरच्या वरणात त्याहून अधिक हळद पडते.

आता नावे. ही लांबलचक नावे पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो. पण भाषेच्या शिक्षकाला लांब शब्दाचे भय नसते. लांब शब्द दिसला की तो समासविग्रह करावयास घेतो. वनस्पतींची नावे येथे लॅटिनमध्ये असतात, कारण जगभर एकच नाव चालावे म्हणून या नावांचा कोश केलेला आहे. त्याची पहिली आवृत्ती अमेरिकेत १९७३ साली निघाली. ‘कुरकुमा लोंगा’ म्हणजे हळद. ‘अकेशिया कॉन्सिना’ म्हणजे शिकेकाई. ‘सॅपिंडस’ म्हणजे रिठा, आणि त्या शब्दाचा विग्रह केला तर निघतो ‘भारतीय साबण’! वाळ्याचे नाव ‘वेटिवेर’ हे तर तमिळ ‘वेट्टिवेर’ होय. दक्षिणेतून परदेशी गेलेला शब्द लॅटिनचा अंगरखा घालून आपल्या न्हाणीघरात परत आला, आणि आपण त्याला ओळखले नाही.

रसायनांची नावेही अशीच फोडता येतात. ‘कोको’ किंवा ‘कोकॉइल’ दिसले की नारळ. खोबरेल तेलापासून त्या पदार्थाचा जन्म आहे. ‘मिरिस्टिक’ हे नाव जायफळाच्या लॅटिन नावावरून आले, ‘पामिटिक’ पाम म्हणजे ताडवर्गीय झाडावरून, आणि ‘स्टिअरिक’ घट्ट चरबीच्या ग्रीक नावावरून. ‘ग्लिसरीन’ म्हणजे गोड. १७७९ साली शीले या शास्त्रज्ञाला ते ऑलिव्हच्या तेलातून मिळाले. जिभेला गोड असलेले हे द्रव पाणी धरून ठेवते, म्हणून यादीत ते वरच्या अंगाला असेल तर कोरड्या त्वचेच्या माणसाने समाधान मानावे.

यानंतर खरा प्रश्न येतो : या ट्यूबमध्ये मळ काढणारा पदार्थ कोणता? त्यात दोन घराणी आहेत. पहिले घराणे साबणाचे. तेलातील किंवा चरबीतील आम्ले आणि कास्टिक यांचा संयोग झाला की साबण होतो. सोड्याचा साबण घट्ट, पोटॅशचा मऊ. म्हणून यादीच्या वरच्या भागात मिरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक अशी आम्ले आणि त्यांच्या सोबत ‘पोटॅशियम हायड्रॉक्साइड’ दिसले, तर ट्यूबमध्ये मऊ साबण भरलेला आहे असे ओळखावे. कास्टिकचे नाव वाचून घाबरू नये. आम्लाशी संयोग होताना ते खर्ची पडते. यादीच्या शेवटी ते एकटे दिसले तर ते केवळ आंबटपणा नेमका करण्यापुरते असते. दुसरे घराणे साबण नसलेल्या फेसकांचे. त्यात ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ हे कडक. त्वचेचा दाह कसा होतो हे अभ्यासताना प्रयोगशाळांत मुद्दाम हेच वापरतात. ‘लॉरेथ’ त्याहून सौम्य. ‘सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट’ आणि ‘कोकामिडोप्रोपिल बिटेन’ ही आणखी सौम्य, नारळाच्या कुळातली. तथापि सौम्य म्हणजे सर्वांना मानवणारे नव्हे. या बिटेनाचीही काहींना ॲलर्जी होते, आणि २००४ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने त्यालाच ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरविले होते.

दोन घराण्यांतील फरक महत्त्वाचा का, ते मुलांनी हळदीने शोधले. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावताच डाग तांबडा होतो, हे कोणत्या गृहिणीस ठाऊक नाही? हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, तो याच गुणाने. हळद ही आपल्या स्वयंपाकघरातील क्षारपरीक्षक आहे. आम्ही टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविल्या. मुलांनी आणि शिक्षिकांनी घरून चार ट्यूबा आणि एक साबणाची वडी आणली. थोड्या पाण्यात फेस करून थेंब थेंब पट्ट्यांवर टाकला. वडीची पट्टी क्षणात तांबूस झाली. तीन ट्यूबांच्या पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. चौथी ट्यूब पोटावर तुळस आणि कडुनिंब मिरविणारी. तिची पट्टी वडीसारखीच तांबूस झाली! मुलांनी धावत जाऊन पाठ वाचली. पाणी, मिरिस्टिक, स्टिअरिक, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. तुळस कोठे होती? फिनॉक्सिइथेनॉलच्या पलीकडे, शेवटून दुसरी. वाचनाच्या तासाला इतका हलकल्लोळ आम्ही पूर्वी ऐकला नव्हता.

या तांबड्या रंगाचा अर्थ असा. आंबटपणा मोजण्याचे जे शून्य ते चौदाचे माप आहे, त्यात सात म्हणजे मध्य. प्रत्येक पायरीस दहा पटींचा फरक पडतो. निरोगी त्वचा पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असते. १९२८ साली शाडे आणि मार्कियोनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेच्या या आम्ल आवरणाची कल्पना मांडली. साबण नऊ-दहाच्या घरात असतो. म्हणजे त्वचा आणि साबण यांत हजारो पटींचे अंतर. एक-दोनदा साबण लाविल्याने काही बिघडत नाही. त्वचा काही तासांत आपला आंबटपणा परत मिळविते. तेलकट तोंडाच्या तरुणाला तो चालतोही. पण दिवसातून पाच-सहा वेळा घासले, तर त्वचेला सावरण्यास उसंतच मिळत नाही. तिचे स्निग्ध द्रव्य निघून जाते, ती ताणते, भगभगते, सोलते. आमच्या त्या मुलीच्या गालांची अर्धी कथा ही होती. उरलेली अर्धी त्या कोऱ्या डबीची.

येथे ‘आयुर्वेदिक’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेल्या विकोचे नाव मराठी घरांत कोणास सांगावयास नको. त्यांची हळदीची क्रीम ही औषधी की प्रसाधन, यावर सरकारी करखात्याशी जो वाद पडला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. वाद कराचा होता, परंतु त्यातून एक गोष्ट कळते : औषध आणि प्रसाधन यांची दप्तरे वेगळी, आणि म्हणून त्यांच्या पाठीही वेगळ्या. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली निघालेल्या मालावर वनस्पतींची नावे आणि त्यांचे प्रमाण दिलेले असते. प्रत्येक ग्रॅममध्ये अमुक वनस्पती पाच मिलिग्रॅम, असे लिहिले असेल तर हिशेब करावा : तो अर्धा टक्का, म्हणजे तोळ्यात अर्धी गुंज. ही माहिती फार मोलाची. मात्र काही वेळा त्याखाली ‘बेस’ एवढाच एक शब्द असतो, आणि मळ काढण्याचे खरे काम करणारे सारे पदार्थ त्या एका शब्दाच्या पोटात गुडूप होतात. अशा वेळी आपली हळदीची पट्टी उपयोगी पडते.

यादीच्या शेपटाकडे परिरक्षक असतात, आणि त्यांच्या नावाने लोक फार खडे फोडतात. आमच्या आई उटणे कोरडे का ठेवीत? कालविलेले पीठ संध्याकाळपर्यंत आंबते म्हणून. ट्यूबमध्ये तर पहिले नावच पाण्याचे. पाणी आले की जंतू आले. त्यांना आवर घालणारा कोणी तरी हवाच. ‘परिरक्षकविरहित’ ओली ट्यूब महिनोन्महिने न्हाणीघरात ठेवणे हे उघड्या ताकाच्या भांड्यासारखेच. तथापि सर्व परिरक्षक सारखे नाहीत. ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ हे नाव मात्र ओळखून ठेवावे. त्याच्या ॲलर्जीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की युरोपात, लावून तसेच ठेवण्याच्या प्रसाधनांत त्यास बंदी झाली आणि धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत अगदी अल्प प्रमाण ठरविले गेले. तसेच ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा एक शब्द दिसतो एक, पण त्यात अनेक सुगंधी द्रव्ये दडलेली असू शकतात. ज्याची त्वचा हळवी, त्याने बिनवासाची ट्यूब घ्यावी. आणि दाणेदार फेसवॉशमध्ये ‘पॉलिएथिलीन’ लिहिलेले आढळले तर ते प्लॅस्टिकचे दाणे समजावेत. भारतीय मानक संस्थेने २०१७ साली असे दाणे सौंदर्यप्रसाधनांसाठी असुरक्षित गणले. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तोंड धुतलेले पाणी शेवटी कोठे जाते, याचा विचार नदीच्या माहेरच्यांनी तरी करावा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, यापेक्षा जुने तेच बरे. आम्ही तसे म्हणणार नाही. जुन्यातही सारे निर्धोक नव्हते. तोंडाला लिंबू चोळून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडते, हे लिंबाच्या रसाचे आणि सूर्याच्या किरणांचे संयुक्त काम आहे. जाडेभरडे पीठ घासले तर मुरमे चिडतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होते, ते ज्याच्या गेले असेल त्याने सांगावे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि ‘केमिकल’ म्हणजे विष नव्हे, पाणीही रसायनच. नावावर विश्वास ठेवावयाचा नाही, तसेच नावाला भ्यावयाचेही नाही. नाव ओळखावयाचे. आपली त्वचा कोरडी की तेलकट हे जाणावयाचे, आणि मग निवडावयाचे. आईंचे शहाणपण उटण्यात नव्हते. उटण्यात काय आहे हे ठाऊक असण्यात होते.

राहिला रंगाचा प्रश्न. तो ट्यूबचा नाही, मनाचा आहे. फेसवॉश तोंडावर मिनिटभर राहते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. धूळ, घाम आणि तेल ते नेते. जन्मजात रंग नेण्याची शक्ती त्यात नाही, आणि ती नसावी हेच हिताचे. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. कंपनीने शब्द काढला. आपण आपल्या माजघरातून तो कधी काढणार? त्या पाहुणीला ती मुलगी कविता कशी म्हणते हे विचारावेसे वाटले नाही, रंगच तेवढा दिसला. गालांची साल काही आठवड्यांत भरून आली. बोललेले शब्द किती काळ खुपत राहतात, हे कोणत्याही यादीत छापलेले नसते.

आमच्या शाळेच्या भिंतीवर आता एक तक्ता आहे. डाव्या बाजूस ट्यूबच्या पाठीवरचे नाव देवनागरीत, मध्ये त्याचा घरगुती अर्थ, उजवीकडे त्याचे काम. मुलांनी त्यात कन्नड नावांची चौथी ओळही जोडली. हळदीसमोर ‘अरिशिन’ आणि शिकेकाईसमोर ‘सीगेकाई’. त्यात एकेक नावाची भर पडत असते. घरी जाऊन आई-मावश्यांना वाचून दाखविणे हा गृहपाठ. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत दोन-तीन भाषा सहज नांदतात. बडोद्यात एक, इंदुरात दुसरी, हैदराबादेत तिसरी. मग चौथी, पाठीवरच्या बारीक अक्षरांची भाषा शिकणे आपल्याला जड जाऊ नये. आज सायंकाळी घरातील मुलीला किंवा मुलाला जवळ बोलवावे, न्हाणीघरातील ट्यूब आणावी, चष्मा लावावा, आणि पहिल्या नावापासून वाचावयास आरंभ करावा. सोबत हळदीच्या पाण्यात बुडविलेला एक कागद असू द्यावा.